विदूषकाचे व्हिडिओ गेम : खेळताना विदूषक आपण असतो की तो आपल्या मागे लागलेला असतो?

जुनी कॅसेट (शाहूपुरी, कोल्हापूर)

विदूषक ज्यांच्या केंद्रस्थानी आहे असे व्हिडिओ गेम मी जवळजवळ तीस वर्षे खेळत आलो आहे. त्यांतले काही आजही पुन्हा पुन्हा खेळावेसे वाटतात आणि काही एकदा पुरे केले की त्यांची आठवणही येत नाही. हा फरक चित्रांच्या दर्जामुळे किंवा यंत्राच्या ताकदीमुळे पडत नाही, असे माझे मत झाले आहे. विदूषकाचे काम आपल्याला करायला मिळते की विदूषकापासून केवळ पळायचे असते, यावर तो ठरतो. याविषयी इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढतो आहे.

माझ्या वयाच्या कोल्हापुरातील अनेक मुलांना पडद्यावरचा विदूषक पहिल्यांदा भेटला तो टीव्हीला जोडायच्या गेममध्ये. कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे, प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी फिरून येत, आणि त्या मोजक्यांत आम्ही ज्याला नुसते 'सर्कस' म्हणत असू तो खेळ बहुधा असेच. त्याचे खरे नाव 'सर्कस चार्ली'. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८४ मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि १९८६ मध्ये तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला. आपल्या बाजारात मिळत ती यंत्रे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

या खेळात चार्ली नावाचा विदूषक सर्कशीतील एकेक कसरत करून दाखवतो. पहिल्या स्टेजला तो सिंहाच्या पाठीवर उभा असतो, समोरून जळती कडी येत राहतात आणि जमिनीवर आगीची भांडी ठेवलेली असतात. दुसऱ्या स्टेजला तो ताणलेल्या दोरीवरून चालतो आणि समोरून येणाऱ्या माकडांवरून उड्या मारतो. तिसऱ्या स्टेजला एका मोठ्या चेंडूवरून दुसऱ्यावर जायचे असते, चौथ्या स्टेजला धावत्या घोड्यावरून, आणि पाचव्या स्टेजला एका झोक्यावरून सुटून पुढचा झोका धरायचा असतो. हे सगळे करायला डावी-उजवी दिशा आणि उडीचे एक बटण यापलीकडे काही लागत नाही. कडी आपल्याकडे चालून येतात आणि भांडी मात्र जागची हलत नाहीत, त्यामुळे एकाच वेळी दोन वेगवेगळ्या लयी मनात धराव्या लागतात. दोन कड्यांच्या मध्ये थोडे थांबावे की पुढे सरकावे, हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो. पैशांची थैली लटकवलेले छोटे कडे आले की मोहही आवरावा लागतो. पार्श्वभूमीला 'अमेरिकन पेट्रोल' ही जुनी कवायतीची धून वाजत असते, आणि तीस-चाळीस वेळा हरल्यानंतर आपली उडी त्या धुनीच्या ठेक्यावर आपोआप पडू लागते. मला जो आनंद म्हणायचा आहे तो नेमका हा.

याच कुळातला आणखी जुना खेळ म्हणजे एक्झिडी कंपनीचा १९७७ चा 'सर्कस'. त्यात एका सी-सॉवर दोन विदूषक असतात. एक वर उडून फुग्यांच्या तीन रांगांपैकी हाती लागतील ते फुगे फोडतो, आणि तो खाली येईपर्यंत सी-सॉ सरकवून त्याच्या बरोबर खाली न्यायचा असतो, म्हणजे त्याच्या वजनाने दुसरा वर उडतो. १९७६ च्या 'ब्रेकआउट'मधील चेंडू आणि फळी यांचीच ही कल्पना आहे, हे उघड आहे. परंतु चेंडूच्या जागी माणूस आल्याबरोबर तो झेलण्याची काळजी वाटू लागते, आणि त्या काळजीमुळे खेळाची गोडी दुप्पट होते. अटारीने १९८० मध्ये हाच खेळ 'सर्कस अटारी' या नावाने घरगुती यंत्रावर आणला.

उलट १९८२ चा 'मिस्टर डू!' घ्या. युनिव्हर्सल कंपनीच्या या खेळात नायक विदूषकच आहे. तो जमिनीखाली बोगदे खणतो, चेरी गोळा करतो, राक्षसांवर सफरचंदे ढकलतो आणि उसळणारा चेंडू फेकतो. फेकलेला चेंडू राक्षसाला लागला की तो परत हाती यायला वेळ लागतो आणि तोवर आपण निःशस्त्र असतो, ही योजना फार चांगली आहे. खेळ उत्तमच आहे. मात्र त्या नायकाला विदूषकाऐवजी खाणकामगार केले असते तरी खेळात काहीही बदलले नसते. विदूषकपण तिथे फक्त टोपी आणि झग्यापुरते आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे १९९५ च्या सुमारास वारे फिरले. त्या वर्षी प्लेस्टेशनवर आलेल्या 'ट्विस्टेड मेटल'मध्ये डोक्यातून ज्वाळा निघणारा, आइस्क्रीमची गाडी हाकणारा स्वीट टूथ हा विदूषक आला, आणि त्यानंतरच्या खेळांत विदूषक म्हणजे खुनी हे समीकरणच होऊन बसले. असे खेळ मी खेळलो आहे. त्यांतली भीती खरी असते, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लावावेसे वाटत नाहीत. इतरांचा अनुभव काय आहे?

---

निशाचर (राजारामपुरी)

धागा आवडला, परंतु आपल्या मांडणीशी मी सहमत नाही. भीती आणि आनंद यांना आपण एकमेकांविरुद्ध उभे केले आहे. माझ्या अनुभवात हे दोन्ही एकत्रच येतात.

'डेड बाय डेलाइट' या खेळात २०१८ च्या जूनमध्ये विदूषक हा मारेकरी आला. या खेळात चार जण जीव वाचवत असतात आणि पाचवा मारेकऱ्याच्या भूमिकेत असतो. म्हणजे आपल्याच प्रश्नाच्या भाषेत बोलायचे, तर इथे विदूषक आपणही होऊ शकतो. त्याच्या हाती औषधी धुराच्या बाटल्या असतात. समोरचा खेळाडू खिडकीतून पलीकडे जाणार असे दिसले, की तो तिथे पोहोचण्याआधी बाटली फोडावी लागते. त्या धुरात त्याचा वेग कमी होतो आणि त्याची वाट बंद होते. बाटली समोरच्याच्या अंगावर फेकण्यात फारसा अर्थ नसतो, तो पुढे कुठे जाईल ते ओळखून त्या जागी फेकावी लागते. हा अंदाज बरोबर येतो तेव्हाचे समाधान आपल्या जळत्या कड्यातून पार झाल्याच्या समाधानापेक्षा कमी आहे, असे मला वाटत नाही.

२०२४ मध्ये आलेल्या 'किलर क्लाऊन्स फ्रॉम आउटर स्पेस' या खेळात तर तीन खेळाडू परग्रहावरचे विदूषक होतात आणि सात जण गावकरी. ते विदूषक माणसांना बुढ्ढी के बाल, म्हणजे साखरेच्या कापसाच्या कोशात गुंडाळतात. आम्ही मित्र रात्री एकत्र बसून तो खेळतो तेव्हा घाबरण्यापेक्षा हसणेच जास्त होते. त्यामुळे १९९५ नंतर आनंद संपला हे विधान आपण मागे घ्यावे, अशी विनंती करतो.

---

सांजवात (नागाळा पार्क)

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एका वाढदिवसाला बोलावलेल्या जोकरला पाहून ती खोलीत जाऊन बसली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. ती आधीपासून मोबाइलवर कोणाकडे तरी विदूषकाचा भयपट धर्तीचा खेळ पाहत होती, हे मला नंतर समजले. म्हणून हा विषय मला केवळ करमणुकीचा वाटत नाही.

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास बालरुग्णालयाची सजावट कशी असावी याविषयी ४ ते १६ वर्षे वयाच्या सुमारे २५० मुलांची मते विचारली होती, तेव्हा भिंतींवर विदूषकांची चित्रे नकोत, असेच मुलांचे म्हणणे पडले. रंगवलेले हसू कधीच हलत नाही, त्यामुळे त्याखालच्या माणसाच्या मनात काय चालले आहे ते मुलाला वाचता येत नाही, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. माझ्या मुलीने मला जवळजवळ याच शब्दांत सांगितले होते : "तो रागावला असेल तरी कळणार नाही ना."

माझा प्रश्न असा, की ही भीती कमी करील असा एखादा खेळ आहे का? जाणकारांनी कृपया सुचवावा.

---

रंगपीठ (मंगळवार पेठ)

मी हौशी नाटकात काम करतो, व्हिडिओ गेमचा माझा अनुभव मर्यादित आहे, परंतु विदूषकाविषयी थोडे बोलू शकतो.

संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो. तो खादाड असतो, वाकडी काठी घेऊन वावरतो, ब्राह्मण असून प्राकृत बोलतो, आणि राजाला जे कोणी सांगू शकत नाही ते तो सांगतो. आपल्या तमाशातला सोंगाड्याही राजाला आणि पाटलाला तोंडावर बोलतो. सर्कशीतला विदूषक बोलत नाही, तो पडतो. परंतु त्याचे पडणे फार कठीण असते. झोक्याचे खेळ संपता संपता विदूषक वर चढतो, हात सुटल्यासारखे करतो आणि जाळ्यात कोसळतो, तेव्हा तंबूभर हशा पिकतो. तो हशा हातखंडा कसरतपटूलाच मिळवता येतो, कारण चुकल्याचे दाखवायला बरोबर कसे करायचे ते पुरते ठाऊक असावे लागते.

आता 'जुनी कॅसेट' यांच्या लाडक्या खेळाकडे या नजरेने पाहा. चार्ली पडला की आपली एक लाइफ गेली. पडणे ही तिथे केवळ चूक आहे. चार्लीच्या अंगावर कपडे विदूषकाचे आहेत, परंतु तो काम करतो ते सिंहाच्या स्वाराचे, दोरीवर चालणाऱ्याचे आणि झोक्यावरच्या कसरतपटूचे. चांगले पडल्याबद्दल गुण देणारा विदूषकाचा खेळ कोणी केला असल्यास मला तो पाहायचा आहे. तो मला सर्वांत खरा विदूषकी खेळ वाटेल.

दुसरे असे, की भाच्याने मला २००९ चा 'बॅटमॅन : अर्खम असायलम' दाखवला. त्यात खेळाडू बॅटमॅन असतो आणि जोकर त्या वेड्यांच्या इस्पितळातल्या ध्वनिक्षेपकांवरून सतत त्याच्याशी बोलत राहतो, त्याला टोचत राहतो. मार्क हॅमिल या नटाने तो आवाज दिला आहे आणि तो केवळ आवाजावर सगळी इमारत भारून टाकतो. नायकाला कोणी सांगणार नाही ते सांगणारा हा जोकर मला मुकाट्याने मागे धावणाऱ्या मारेकऱ्यांपेक्षा आपल्या सोंगाड्याच्या अधिक जवळचा वाटला, जरी तो खलपुरुष असला तरी.

---

पेठकरी (शिवाजी पेठ)

मी साठी ओलांडलेला माणूस आहे. गेम नातवाचे, पण सर्कस आमची. कोल्हापुरात सर्कस आली की रात्री आकाशात फिरणारा प्रकाशझोत पेठेतून दिसायचा आणि पहाटे सिंहाची डरकाळी ऐकू येते का म्हणून आम्ही मुले जागी राहायचो.

एक गोष्ट तरुणांनी लक्षात घ्यावी. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे, आणि त्यांनी १८८० साली मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. तेव्हा सर्कशीचा खेळ हा आपल्या भागाला परका नाही. पुढे केंद्र सरकारने १९९८ मध्ये वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबट्या यांच्या खेळांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम केली. ते योग्यच झाले. त्या पिंजऱ्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. पण याचा परिणाम असा, की माझ्या नातवाने सिंहाच्या पाठीवरचा विदूषक पाहिला तो फक्त या चार्लीच्या खेळात. त्या खेळात सिंहाला मारही बसत नाही आणि भूकही लागत नाही, म्हणून तो मी त्याच्याबरोबर निःशंक मनाने बघतो.

रंगपीठ यांचे पडण्याविषयीचे म्हणणे मला पटले. तालमीत आम्हाला वस्ताद आधी पडायला शिकवत. लाल मातीत खांदा कसा टेकवायचा हे ज्याला येत नाही, त्याला डाव शिकवण्यात अर्थ नसतो.

---

चौकटी (उद्यमनगर)

मी मोबाइल गेम तयार करणाऱ्या गटात काम करतो, म्हणून उडीविषयी थोडे तांत्रिक लिहितो, कारण या धाग्यातला सगळा वाद तिथे येऊन थांबतो असे मला वाटते.

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मारिओ हवेत असतानाही त्याची दिशा बदलता येते. उडी चुकली असे वाटले तर अर्ध्या वाटेत मागे वळता येते. 'सर्कस चार्ली'मध्ये तशी मुभा नाही. पाय सुटला की पुढची कमान ठरलेली. खेळाडूला फक्त पाहत राहायचे असते. त्यामुळे सगळा निर्णय उडीच्या आधी घ्यावा लागतो, आणि हवेतला तो क्षण पूर्ण असहाय असतो. खऱ्या झोक्यावरच्या माणसाचीही तीच अवस्था असते. खेळ बनवणाऱ्यांनी हे सर्कशीचा विचार करून केले की त्या काळच्या प्रघातानुसार, ते सांगता येणार नाही, परंतु अनुभव मात्र सर्कशीचाच येतो. 'जुनी कॅसेट' यांना जो आनंद वाटतो तो बटण सोडल्यानंतरच्या या असहाय क्षणात आहे, असे माझे निदान आहे. निशाचर यांची बाटलीही एकदा हातातून सुटली की परत घेता येत नाही, हे त्यांनी पाहावे. म्हणजे दोघांना एकच गोष्ट आवडते आहे.

रंगपीठ यांना हवा तसा खेळ विदूषकाच्या वेशात माझ्या पाहण्यात नाही, पण वेश सोडला तर २०१६ चा 'ह्यूमन : फॉल फ्लॅट' त्याच्या बराच जवळ जातो. त्यात एक पांढराफटक, लुळ्या अंगाचा माणूस असतो. त्याचा डावा आणि उजवा हात वेगवेगळा उचलून वस्तू धरावी लागते आणि तो सतत धडपडतो. कड्यावरून खाली पडला तर तो आकाशातून पुन्हा त्याच जगात येऊन आदळतो. पडल्याची शिक्षा जवळजवळ नाहीच. दोघांनी मिळून खेळला तर पडण्याचे हसूच खेळाचे मुख्य अंग होते. शरीराच्या प्रत्येक सांध्याला वजन आणि ढिलाई देऊन हालचाल संगणकाकडून मोजून घेतात, त्यामुळे कोणतेही दोन पडणे सारखे होत नाही. १९८४ च्या यंत्रांना हे गणित पेलणे शक्य नव्हते. चार्लीला विनोदी पडता आले नाही, याचे एक कारण तेही आहे.

---

निशाचर (राजारामपुरी)

चौकटी यांनी बाटली आणि उडी यांची सांगड घातली, ती मला मान्य आहे. मीही माझ्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. 'डेड बाय डेलाइट'मध्ये विदूषक म्हणून खेळताना मला तो विदूषक आहे याची आठवण क्वचितच राहते. बाटल्या एखाद्या वैद्याच्या हाती दिल्या असत्या तरी चालले असते. 'मिस्टर डू!'विषयीचा आपला आक्षेप इथेही लागू पडतो.

मात्र २०१७ च्या 'कपहेड'मधला बेप्पी हा विदूषक दोन्ही बाजूंना पुरून उरतो, असे मी म्हणेन. तो शत्रू आहे आणि तरी त्याची लढाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत जत्रेतल्या वस्तूंनीच घडवली आहे. आधी तो धडक देणाऱ्या छोट्या मोटारीत बसून येतो, मग फुग्यांची कुत्री सोडतो, मग फिरत्या पाळण्यातल्या लाकडी घोड्यावर बसतो, आणि शेवटी स्वतःच गोल फिरणारा झुला होतो. मधूनमधून खालून रोलर कोस्टरची गाडी धडधडत जाते आणि तिच्यावरून उड्या माराव्या लागतात. सगळी चित्रे १९३० च्या दशकातल्या व्यंगपटांप्रमाणे हाताने काढलेली आहेत. मी त्याच्यापुढे एका संध्याकाळी पन्नासेक वेळा तरी हरलो असेन, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लावला. मागे लागणारा विदूषक पुन्हा लावावासा वाटत नाही, या आपल्या विधानाला हे माझे उत्तर समजावे.

---

जुनी कॅसेट (शाहूपुरी, कोल्हापूर)

निशाचर, बेप्पीच्या बाबतीत आपण मला निरुत्तर केले आहे. १९९५ नंतर गोडी संपली असा माझ्या लिहिण्याचा अर्थ होत असेल तर ते विधान मी मागे घेतो. बेप्पीशी लढताना आपण पळत नसतो, त्याच्या जत्रेचा ठेका शिकत असतो, म्हणून तो मला परका वाटला नाही. रंगपीठ यांनी चार्ली हा खरा विदूषकच नाही असे दाखवून दिले, त्यावर मी दोन दिवस विचार केला. ते बरोबर आहेत. पण मी लहानपणी जेव्हा चेंडूवरून घसरत असे, तेव्हा शेजारी बसलेला भाऊ खो खो हसत असे, आणि मग रिमोट त्याच्याकडे जाई आणि हसण्याची पाळी माझी येई. खेळाने पडण्याला गुण दिले नाहीत, ते आम्ही दिले. एका रिमोटवर पाळीपाळीने खेळताना विदूषक पडद्याच्या अलीकडे असतो, असे आता मला वाटू लागले आहे.

सांजवात, आपल्या मुलीसाठी 'ड्रॉप्सी' हा २०१५ चा खेळ सुचवतो. त्यातला विदूषक दिसायला ओबडधोबड आहे आणि सर्कशीचा तंबू जळाल्याचा ठपका त्याच्यावर असल्यामुळे गावातले लोक त्याला घाबरतात, त्याच्यापासून दूर राहतात. खेळाडूने त्याला घेऊन गावभर फिरायचे, कोणाला काय हवे आहे ते ओळखायचे, ते मिळवून द्यायचे आणि शेवटी त्या माणसाला मिठी मारायची. संपूर्ण खेळात वाचायला वाक्ये नाहीत. माणसे चित्रांच्या खुणांनी बोलतात, त्यामुळे इंग्रजीची अडचण येत नाही. ज्याच्या चेहऱ्यावरून मन कळत नाही त्याचे मन आतून कसे असते, हे खेळाडू त्याच्या जागी राहून पाहतो. काही प्रसंग उदास आणि थोडे अंगावर येणारे आहेत, म्हणून आपण शेजारी बसावे.

---

सांजवात (नागाळा पार्क)

मनापासून आभार. तीन रविवार आम्ही दोघी मिळून 'ड्रॉप्सी' खेळलो. पहिल्या दिवशी ती माझ्या खांद्याआडून पाहत होती. दुसऱ्या रविवारी तिने माउस माझ्या हातातून घेतला. एक बाई काही केल्या मिठी मारू देईना, तेव्हा तिला काय हवे असेल याचा ती जेवतानाही विचार करत होती. प्रत्यक्षातला जोकर समोर आल्यावर काय होईल ते अजून पाहिलेले नाही आणि मी घाईही करणार नाही.

आता तिला 'तो सिंहवाला' हवा आहे, म्हणून माझ्या भावाने त्याचे जुने यंत्र आणून दिले आहे. पहिली स्टेज तिला जमते. दुसऱ्या स्टेजला दोरीवर साध्या माकडांवरून ती जाते, परंतु वेगाने येणारे निळे माकड तिला प्रत्येक वेळी पाडते. ती रोज शाळेतून आल्यावर मला विचारते, म्हणून इथे विचारते : त्याच्यासाठी नेमके काय करायचे?

---

जुनी कॅसेट (शाहूपुरी, कोल्हापूर)

निळे माकड साध्या माकडाला गाठते तेव्हा त्याच्यावरून उडी मारते. मुले घाबरून नेमकी त्याच क्षणी उडी मारतात आणि हवेत दोघांची टक्कर होते. तिला सांगा, की निळे दिसले की चालणे थांबवायचे आणि बटणावरचे बोट उचलून ठेवायचे. ते साध्या माकडावरून उडी मारून दोरीवर पुन्हा टेकेपर्यंत थांबायचे, आणि ते टेकून आपल्याकडे धावू लागले की लगेच उडी घ्यायची. मागचे साधे माकड हळू येत असते, त्यामुळे खाली उतरल्यावर त्याच्यासाठी दुसरी उडी घ्यायला वेळ पुरतो. पहिल्या चार-पाच वेळा ती लवकर उडी मारील. बाजूला बसून तुम्ही "टेकलं" असे मोठ्याने म्हणालात तर बरे पडेल. माझा भाऊ माझ्यासाठी तसेच म्हणत असे.